एका मॅचची बंदी म्हणजे नेमकी किती?

आइस हॉकीपटू नाझेम काद्रीला एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, तीन वेळा बंदी आली. 2018 मध्ये तीन मॅच, 2019 मध्ये पाच, 2021 मध्ये आठ. 2022 मध्ये मार खायची पाळी त्याची होती. एडमंटन संघाच्या इव्हँडर केनने त्याला पाठीमागून बर्फाभोवतीच्या बोर्डवर ढकललं, अंगठा मोडला, ऑपरेशन करावं लागलं. केनला बंदी मिळाली एका मॅचची.

तीन, पाच, आठ, एक. आइस हॉकी नव्याने बघणाऱ्याला हे आकडे मटक्याचे वाटतात, आणि वर्षानुवर्षं बघणाऱ्यांनाही पुष्कळदा तसेच वाटतात. पण यातला प्रत्येक आकडा एका ठरलेल्या वाटेने आलेला आहे. ती वाट समजून घेतली म्हणून चिडचिड थांबत नाही, पण नेमकं कशावर चिडायचं ते कळतं.

आधी स्पर्धेचा अंदाज घेऊ. स्टॅनले कपची प्लेऑफ एप्रिलमध्ये सुरू होते आणि जूनपर्यंत चालते. 16 संघ, चार फेऱ्या, प्रत्येक फेरी जिंकायला सातपैकी चार मॅच. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला मॅच सुरू झाली तर आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, त्यामुळे टोरंटो-बोस्टनकडची मराठी घरं सोडली तर आपल्यातले बहुतेक जण सकाळी चहाबरोबर क्लिपच बघतात. आणि क्लिपमध्ये दिसते ती फक्त धडक.

धडक मारणं हा गुन्हा नाही

मैदानी हॉकीची सवय असेल तर इथेच पहिली अडचण येते. साधारण 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद बर्फ, भोवती फळ्यांची भिंत म्हणजे बोर्ड, त्यावर काच. पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती, ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने किंवा कमरेने धडक मारून पकपासून दूर करणं पूर्ण नियमात बसतं. याला बॉडी चेक म्हणतात. गुन्हा ठरतो तो धडक कुठे बसली, कधी बसली आणि कशाने मारली यावर. कोपराने मारली तर एल्बोइंग. स्टिक दोन्ही हातांत आडवी धरून तिच्या मधल्या दांड्याने ढकललं तर क्रॉस-चेक. पक नसलेल्याला मारलं तर इंटरफिअरन्स. लांबून वेग घेत किंवा उडी मारत आला तर चार्जिंग.

यातलं सगळ्यात धोक्याचं बोर्डिंग. बोर्डला अगदी चिकटून उभ्या असलेल्या खेळाडूला ढकललं तर तो फळीवर दाबला जातो आणि फार काही होत नाही. बोर्डपासून मीटर-दीड मीटरवर, तोंड बोर्डकडे करून, पक उचलायला वाकलेला खेळाडू असेल तर हिशोब बदलतो. त्या मधल्या अंतरात त्याचा तोल जातो, हात पुढे यायला वेळ मिळत नाही, आणि डोकं किंवा मान आधी आपटते. म्हणून लहान मुलांना शिकवतानाच सांगतात: समोरच्याच्या पाठीवरचा नंबर दिसत असेल तर धडक मारायची नाही. केनने काद्रीला ढकललं ते याच प्रकारचं होतं.

शिक्षा दोन जागी होते. पहिली बर्फावर, दोन रेफरींच्या शिट्टीने. छोटा गुन्हा म्हणजे दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, मोठा म्हणजे पाच. तेवढा वेळ त्याचा संघ एका खेळाडूने कमी असतो, आणि समोरच्याच्या या संधीला पॉवर प्ले म्हणतात. मैदानी हॉकीतलं हिरवं कार्ड किंवा कबड्डीतलं पिवळं कार्ड डोळ्यांपुढे आणा, साधारण तोच प्रकार. फरक एकच, पण तो फार महत्त्वाचा आहे. दोन मिनिटांच्या शिक्षेत समोरच्याने गोल केला की शिक्षा संपते आणि खेळाडू परत येतो. पाच मिनिटांची शिक्षा कितीही गोल झाले तरी पूर्ण पाच मिनिटं चालते.

याचा अर्थ काय ते 23 एप्रिल 2019 ला दिसलं. सॅन होजे विरुद्ध वेगास, सातवी मॅच, वेगास 3-0 ने पुढे, अकरा मिनिटांहून कमी वेळ बाकी. वेगासच्या कोडी ईकिनने जो पॅव्हेल्स्कीला छातीवर क्रॉस-चेक केला. पॅव्हेल्स्की तोल जाऊन दुसऱ्या खेळाडूवर आदळला, डोकं बर्फावर आपटलं, रक्त आलं. रक्त बघून रेफरींनी पाच मिनिटं दिली. त्या पाच मिनिटांत सॅन होजेने चार गोल केले आणि शेवटी जादा वेळेत मॅच जिंकली. नंतर लीगने वेगासची माफी मागितली, आणि त्याच उन्हाळ्यात नियम बदलला. तेव्हापासून मारामारीखेरीज दिलेली पाच मिनिटांची शिक्षा रेफरी व्हिडिओवर पुन्हा तपासून कमी करू शकतात.

आता रेफरीच्या जागी उभं राहून बघा. सातवी मॅच, बरोबरी, शेवटची दहा मिनिटं. एक शिट्टी वाजवली तर एखाद्या संघाचा सगळा हंगाम त्या शिट्टीवर जाऊ शकतो. नाही वाजवली तर फार तर लोक शिव्या घालतील. प्लेऑफ जसजशी पुढे सरकते तसतशी शिट्टी खिशात जाते असं खेळाडू, प्रशिक्षक, समालोचक सगळे उघड बोलतात, ते या हिशोबातून. मार्च 2021 मध्ये टिम पील नावाच्या अनुभवी रेफरीचा माइक चुकून चालू राहिला, आणि नॅशव्हिलविरुद्ध सुरुवातीलाच एक पेनल्टी द्यायची होती अशा अर्थाचं त्याचं वाक्य घराघरांत ऐकू गेलं. लीगने त्याला पुन्हा मॅच दिली नाही. पण शिट्टी वाजवताना मॅचचा तोल सांभाळायची सवय त्या एका माणसाची होती असं कुणी मानलं नाही.

दुसरं न्यायालय न्यूयॉर्कमध्ये

मॅच संपल्यावरची शिक्षा देतं ते डिपार्टमेंट ऑफ प्लेयर सेफ्टी. 2011 मध्ये हा विभाग सुरू झाला. पहिला प्रमुख ब्रेंडन शॅनाहन, मग स्टेफान कँटाल, 2017 पासून जॉर्ज पॅरोस. तिघेही माजी खेळाडू, आणि पॅरोसची खेळतानाची ओळख तर मुख्यतः ठोसे मारणारा अशीच. तो प्रिन्स्टनचा अर्थशास्त्राचा पदवीधर आहे, हे मात्र चिडलेल्या प्रेक्षकांच्या फारसं लक्षात राहत नाही.

विभाग सुरू होण्याआधीची एक घटना महत्त्वाची आहे. मार्च 2010 मध्ये पिट्सबर्गच्या मॅट कुकने बोस्टनच्या मार्क सव्हारच्या डोक्यात खांदा घातला. सव्हारला जबर कन्कशन (मेंदूला बसलेला धक्का) झालं, कुकला काहीच झालं नाही, कारण खांद्याने डोक्यावर मारायला तेव्हा नियमात बंदीच नव्हती. त्याच महिन्यात घाईने नियम आला, तो आजचा नियम 48.

नियम 48 नीट वाचला की अर्धे वाद समजतात. डोक्याला धडक बसली एवढ्याने गुन्हा होत नाही. दोन गोष्टी एकत्र लागतात: धडकेचा मुख्य भार डोक्यावर आला पाहिजे, आणि तो टाळता येण्यासारखा असला पाहिजे. टाळता येत होता का हे ठरवताना तीन प्रश्न विचारतात. मारणारा सरळ अंगावर गेला होता का, आणि डोकं केवळ ओघात लागलं का? मार खाणाऱ्याने स्वतःच अशी जागा घेतली होती का, की डोकं वाचवणं अवघड व्हावं? आणि धडकेच्या ऐन आधी त्याने मान किंवा अंग वळवलं का? गंमत म्हणजे या नियमात पाच मिनिटांची शिक्षाच ठेवलेली नाही. एकतर दोन मिनिटं, नाहीतर मॅच पेनल्टी म्हणजे थेट बाहेर.

मे 2021 मध्ये काद्रीने सेंट लुईसच्या जस्टिन फॉकला मारलं ते या तीन प्रश्नांतून घालून बघा. फॉक बर्फाच्या मधल्या भागात फटका मारून मोकळा होत होता. काद्री समोरून तिरका आला, खांदा डोक्याला लागला, छातीला जवळजवळ नाहीच. फॉकने ऐन वेळी काही वळवलं नव्हतं, आणि अंगावर जायला काद्रीला जागा होती. तिन्ही उत्तरं त्याच्या विरुद्ध. मॅच पेनल्टी, मग आठ मॅच. त्याने अपील केलं. आधी कमिशनर गॅरी बेटमन, मग तटस्थ लवाद श्याम दास, दोघांनीही आठच कायम ठेवल्या. याच दासांनी 2018 मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनची 20 मॅचची बंदी 14 वर आणली होती, म्हणजे हा दरवाजा नावापुरता नाही.

कामाची पद्धत अशी. विभागाची माणसं न्यूयॉर्कच्या खोलीत प्रत्येक मॅच बघतात. शंकास्पद धडक दिसली की सगळ्या कोनांतल्या क्लिप काढून आपापसांत फिरवतात, प्रत्येक जण मत देतो, निर्णय प्रमुखाचा. बंदीचा विचार असेल तर सुनावणी होते. इथे बातमी वाचताना एक खूण उपयोगी पडते: फोनवर सुनावणी ठेवली असेल तर बंदी पाच मॅचच्या वर जाऊ शकत नाही. सहा किंवा जास्त द्यायच्या असतील तर खेळाडूला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावीच लागते. म्हणजे बोलावणं कसं आलं यावरूनच वरची मर्यादा कळते.

मग आकडा ठरतो तो कृत्य, इजा आणि इतिहास या तिघांच्या बेरजेवर. या बेरजेतली इजा ही मला सगळ्यात लंगडी वाटते. 2012 च्या पहिल्याच फेरीत नॅशव्हिलच्या शे वेबरने मॅच संपता संपता डेट्रॉइटच्या हेन्रिक झेटरबर्गचं डोकं धरून काचेवर आपटलं. धडक नव्हे, पकचा संबंध नव्हे, नुसतं डोकं धरून आपटलं. विभागाने डेट्रॉइटकडे चौकशी केली, झेटरबर्ग पुढची मॅच खेळेल असं कळलं, आणि वेबरला 2,500 डॉलर दंड झाला. आठवडाभरात राफी टोरेसने शिकागोच्या मारियन होसाला उडी मारून धडक दिली. होसा स्ट्रेचरवरून गेला, टोरेसला 25 मॅच. पुढे बेटमनने त्या 21 केल्या. टोरेसची धडक वाईट होती आणि त्याचा इतिहासही वाईट होता, यात वाद नाही. पण झेटरबर्गचं हेल्मेट कमी पक्कं असतं तर वेबरचा आकडा काय असता? त्याच हाताने, त्याच जोराने केलेलं तेच कृत्य नशिबावर मोजलं गेलं. आणि टोरेसच्या त्या धडकेवर बर्फावर एकही शिट्टी वाजली नव्हती, हेही लक्षात ठेवा. दोन न्यायालयं एकच क्लिप बघतात, पण एकाचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नाही.

इतिहासाचा नियम असा की बंदी झाल्यापासून 18 महिने खेळाडू पुन्हा गुन्हा करणारा म्हणून नोंदला जातो, आणि त्यात दुसरी बंदी आली तर पगार जास्त कापला जातो. मुदत संपली तरी जुनं खातं पुसत नाही, आकडा ठरवताना ते उघडलं जातंच. काद्रीचं तीन, पाच, आठ असं चढत जाणं त्यातूनच आलं.

प्लेऑफमध्ये मापच वाकतं

नियमित हंगामात 82 मॅच असतात. तिथे बंदी खिशालाही लागते, कारण गेलेल्या दिवसांचा पगार कापून खेळाडूंच्या मदतनिधीत जातो. पण एनएचएलच्या खेळाडूंना पगार मिळतो तो नियमित हंगामाचा. प्लेऑफच्या मॅचला पगारच नाही, मग कापणार काय? म्हणजे प्लेऑफमधल्या बंदीत मॅच बुडते, पैसा बुडत नाही.

दंडाची गोष्ट त्याहून विचित्र. सुनावणीशिवाय जास्तीत जास्त दंड 5,000 डॉलर. कोट्यवधी रुपये कमावणाऱ्याला ही चिल्लर. लोक पॅरोसला दोष देतात, पण ही मर्यादा त्याने ठरवलेली नाही, ती लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या करारात आहे. संघटना मारणाऱ्याचीही आणि मार खाणाऱ्याचीही. सुनावणीत ती मारणाऱ्याच्या बाजूने बसते. मग दंड वाढवायला ती उत्साहाने का पुढे येईल? मे 2021 मध्ये विल्सनला न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धच्या दांडगाईबद्दल हेच 5,000 भरावे लागले. रेंजर्सनी पॅरोस या पदाला लायक नाही असं पत्रक काढलं, तर त्यांना 2,50,000 डॉलर दंड झाला. तक्रारीचा दंड मूळ कृत्याच्या पन्नासपट. आणि त्या दांडगाईनंतर दोन दिवसांनी दोन्ही संघ पुन्हा समोर आले तेव्हा पक पडताच हातमोजे पडले आणि मारामारी जुंपली. ती मॅच नियमित हंगामातली होती. प्लेऑफमध्ये तोच प्रतिस्पर्धी दोन आठवड्यांत सात वेळा समोर येऊ शकतो. वरून न्याय मिळणार नाही असं एकदा वाटलं की खेळाडू तो खाली बर्फावर उरकतात.

आता मॅच या मापाकडे बघा. नियमित हंगामातली एक मॅच म्हणजे 82 तली एक. प्लेऑफमधली एक म्हणजे कदाचित शेवटची. एकाच्या बदल्यात दोन धराव्यात असा ढोबळ हिशोब चाहते आणि समालोचक वर्षानुवर्षं करत आले, पण ठरलेलं सूत्र करारात नाही. 2019 मध्ये काद्रीला पहिल्या फेरीच्या उरलेल्या मॅच अशीच बंदी दिली होती. गुन्हा दुसऱ्या मॅचमधला, तेव्हा फेरी 1-1 बरोबरीत, म्हणजे ती किती लांबते त्यावर शिक्षा तीनपासून पाचपर्यंत काहीही झाली असती. ती लांबली, पाच झाल्या, त्याचा संघ टोरंटो सातव्या मॅचमध्ये हरला, आणि त्या उन्हाळ्यात त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं. 2021 ची आठ मॅचची बंदी दोन फेऱ्यांत विभागली: दोन सेंट लुईसविरुद्ध, सहा वेगासविरुद्ध. सहाव्या मॅचमध्ये कोलोरॅडो बाहेर पडलं, म्हणजे बंदी आणि हंगाम एकाच रात्री संपले. त्याच वर्षी विनिपेगच्या मार्क शायफलीला मोकळ्या जाळ्यात गोल करून वळणाऱ्या जेक एव्हन्सला मारल्याबद्दल चार मॅच मिळाल्या. विनिपेग पुढच्या तीन मॅचमध्येच आटोपलं, उरलेली एक पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी फेडली. आणि केनची एक मॅच? एडमंटनची ती शेवटचीच ठरली. तेवढ्यात काद्री अंगठ्याचं ऑपरेशन करून परतला आणि अंतिम फेरीच्या चौथ्या मॅचमध्ये जादा वेळेत त्याने विजयी गोलही केला.

मार खाल्लेल्या संघाला यातून काय मिळतं ते 2025 च्या फ्लोरिडा-टॅम्पा फेरीत नीट दिसलं. टॅम्पाच्या ब्रँडन हेगलने अलेक्झांडर बार्कोव्हला पक नसताना मारलं, पाच मिनिटं आणि एक मॅच बंदी. बंदी फेडून तो चौथ्या मॅचला परत आला, तर त्याच मॅचमध्ये फ्लोरिडाच्या अॅरन एकब्लाडचा कोपर त्याच्या डोक्यात बसला. शिट्टी नाही. एकब्लाड खेळत राहिला, शेवटच्या चार मिनिटांत त्यानेच बरोबरीचा गोल केला आणि 11 सेकंदांनी फ्लोरिडाने दुसरा गोल करून मॅच घेतली. मग विभागाने एकब्लाडला दोन मॅच दिल्या. म्हणजे कोपर चुकीचा होता हे मान्य, पण टॅम्पाला ना पॉवर प्ले मिळाला ना मॅच परत. पाचव्या मॅचमध्ये टॅम्पा बाहेर. बंदीच्या दुसऱ्या मॅचचा फायदा मिळाला तो पुढच्या फेरीतल्या टोरंटोला, ज्याचा या भांडणाशी संबंधच नव्हता.

डॉक्टरी बाजू थोडक्यात, कारण तिथेही शब्दांवरच बोट ठेवलं जातं. लीगचे निरीक्षक मॅच बघत असतात, आणि कन्कशनची ठरावीक चिन्हं दिसली तर खेळाडूला बर्फावरून उतरवून शांत खोलीत तपासणं सक्तीचं असतं. 2017 मध्ये सिडनी क्रॉस्बी वॉशिंग्टनविरुद्धच्या तिसऱ्या मॅचमध्ये कन्कशन होऊन बाहेर गेला, एक मॅच चुकवून परत आला, आणि सहाव्या मॅचमध्ये डोक्यावरच बोर्डला जाऊन आदळला. त्याला उतरवलं नाही. लीगचं स्पष्टीकरण असं की सक्तीच्या यादीत डोकं बर्फावर आपटणं आहे, बोर्डवर नाही.

न बोललेला निकाल

बंदी झाली की विभाग व्हिडिओ काढतो: कुठला कोन, कुठला नियम, कुठलं कारण, सगळं आवाजासह. ही पद्धत शॅनाहनने सुरू केली आणि ती खरोखर चांगली आहे. बंदी झाली नाही की मात्र काहीच येत नाही. 2024 मध्ये फ्लोरिडाच्या सॅम बेनेटचा ठोसा ब्रॅड मार्शांडच्या चेहऱ्यावर बसला, मार्शांड दोन मॅच मुकला. कारवाई नाही, व्हिडिओही नाही. 5 मे 2025, एकब्लाडच्या बंदीची दुसरी मॅच. त्याच बेनेटचा हात गोलरक्षक अँथनी स्टोलार्झच्या डोक्याला लागला. गोलरक्षकाला अशी धडक कुठेच चालत नाही. शिट्टी नाही, कारवाई नाही, आणि स्टोलार्झ त्या फेरीत पुन्हा खेळला नाही. बेनेट त्या वर्षी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कदाचित दोन्ही निर्णयांना आधार असेल. हात ओघात गेला, कोन फसवा आहे, हेतू दिसत नाही, असं काही. पण ते कुणी सांगितलं नाही, त्यामुळे पुढच्या क्लिपशी तुलना करायला हातात काहीच उरत नाही. वकिलाला फक्त दोषी ठरलेल्यांचीच निकालपत्रं वाचायला मिळाली तर कायदा कुठे संपतो हे त्याला कधी कळणार नाही. खेळाडूचंही तेच होतं.

तोवर क्लिप आली की आधी वेग कमी करून पाय बघा: सरकणं थांबलं होतं की शेवटपर्यंत रेटा चालू होता. मग धडकेआधी पक कुठे होता. मग कोपर अंगाला टेकलेलं होतं की उचललेलं. मग मार खाणाऱ्याची मान शेवटच्या क्षणी वळली का. तो उठला की नाही हे सगळ्यात शेवटी बघा. विभाग ते आकड्यात धरणारच आहे, पण कृत्य कसं होतं हे त्यावरून कळत नाही.